सातवा स्क्रू

सहा स्क्रू काढून झाले होते. सातव्यासाठी धाकटीने अंगठ्याच्या टोकाने लेबल चाचपलं, तर तिथे भोक नव्हतं.

तिला वाटलं, हातमोज्यामुळे कळत नसेल. तिने दिवा जवळ ओढला, धूळ आत न येऊ देणाऱ्या पेटीच्या काचेला कपाळ टेकवलं आणि नीट पाहिलं. लेबल सलग होतं. कोपऱ्यातली बारीक अक्षरंसुद्धा जागच्या जागी होती आणि स्क्रूच्या जागी कागदाला हलकासा खळगा पडला होता, कारखान्यातून निघताना असतो तसा.

ज्याला या धंद्यातलं काही ठाऊक नाही त्याला यात दचकण्यासारखं काय ते कळायचं नाही. त्या जातीच्या हार्ड डिस्कच्या झाकणाला सहा स्क्रू उघड्यावर असतात आणि सातवा लेबलाखाली दडवलेला असतो. लेबल भोसकल्याशिवाय तो निघत नाही, आणि तो निघाल्याशिवाय झाकण निघत नाही. एकदा भोक पडलं की पडलं, ते बुजवणारा कारागीर अजून जन्माला यायचाय. म्हणून दुसऱ्या दुकानातून फिरून आलेली डिस्क धाकटी आधी उलटीपालटी करून लेबल बघायची आणि गिऱ्हाइकाने कितीही शपथा घेतल्या तरी "आधी कुणीतरी उघडलीय ही" असं सांगून मोकळी व्हायची.

आणि ही डिस्क तर मास्तरांनी, दुकानाच्या मालकांनी, उघडली होती. नऊ वर्षांपूर्वी, याच दुकानात, याच पेटीत, ती बाहेर बाकावर बसलेली असताना.

डिस्क तिची स्वतःची होती. आज तिच्यावर पेचकस चालवायची वेळ आली ती गुलाबवालीमुळे. गुलाबवाली नदीपलीकडच्या रोपवाटिकेची मालकीण. कोपरापर्यंत काट्यांचे ओरखडे, नखांत माती आणि बोलणं चढ्या आवाजात. तिची डिस्क शिडीवरून फरशीवर पडली होती.

"रोपं आहेत हो सगळी," पहिल्या दिवशी ती काउंटरवर दोन्ही हात टेकून म्हणाली होती. "पण कोण कुणाचं, ते त्यात आहे. अठरा वर्षं गुलाबांच्या सोयरिकी जुळवतेय मी. आता चारशे पोरं समोर उभी आहेत, आणि एकाचेही आईबाप सांगता येत नाहीत."

डिस्कच्या पोटात आरशासारख्या चकत्या फिरतात आणि त्यांच्या अंगाला न शिवता हेड त्यांच्यावरून तरंगत मजकूर वाचतात. गुलाबवालीचे चारही हेड पडताना मोडले होते. चकत्या मात्र वाचल्या होत्या. अशा वेळी दुसऱ्या डिस्कचे हेड काढून बसवायचे असतात, आणि तेही कुठल्याही नव्हे, त्याच जातीच्या, त्याच घाण्यातल्या. दुकानाच्या भाषेत आलेली डिस्क म्हणजे पेशंट आणि जिचे हेड घ्यायचे ती दाता. धाकटीने अकरा दिवस दाता शोधला. ओळखीच्या दुकानदारांना फोन केले, भंगारवाल्यांच्या पोत्यांत हात घातले. बाराव्या दिवशी मास्तरांची जुनी वही चाळताना जुळणारा आकडा सापडला. शेजारी मास्तरांच्या वळणदार अक्षरात तिचंच नाव होतं.

मास्तरांनी तेव्हा सांगितलं होतं की वरचा हेड चकतीवर आदळला, चकती खरवडली गेली, ती मी काढून घेतलीय. म्हणजे चारांपैकी तीन हेड धड असणार. तीन हेडांवर गुलाबवालीचं पाऊण काम तरी झालं असतं. धाकटीने दोन दिवस मन घट्ट केलं. नाहीतरी आत उरलंय काय, असं स्वतःला बजावलं. मग गुलाबवालीला फोन करून "दाता मिळालाय, शुक्रवारी पाचला या" म्हणून सांगितलं आणि खालच्या खणातून ते पाकीट काढलं. मास्तरांनी लावलेली चिकटपट्टी इतक्या वर्षांत पिवळी पडून कडक झाली होती. ती तिने कधी सोडवली नव्हती. झाकलेलं मढं कशाला उघडून बघायचं, असा तिचा हिशेब होता.

आता तिने लेबल भोसकलं. सातवा स्क्रू काढला, झाकण उचललं.

दोन चकत्या होत्या. वरची लख्ख होती, इतकी की तिच्यात धाकटीला स्वतःच्या टोपीची कड दिसली. चार हेड होते, चारही सरळ. फक्त कडेला आपल्या जागी बसायच्या ऐवजी ते चकतीच्या मध्यावर बसून तिथेच चिकटले होते. डिस्क टेबलावरून पडली, हेडना घरी जायला वेळ मिळाला नाही, एवढंच झालं होतं. फणी लावून ते अलगद उचलायचे आणि कडेला नेऊन ठेवायचे. नेटका हात असला तर पाऊण तासाचं काम. मागच्याच महिन्यात तिने अशा दोन डिस्क केल्या होत्या आणि एका वेळी तर रेडिओ चालू होता.

धाकटीने झाकण परत ठेवलं, हातमोजे काढले आणि बाहेर काउंटरशी आली.

काउंटरवर काचेच्या डबीत एक चकती होती. तिच्यावर गोल खरवडलेला पट्टा होता, पातेलं तारेने घासावं तसा. गिऱ्हाइकाला "वाचणार नाही" हे नुसतं सांगून पटत नाही, दाखवावं लागतं. त्यासाठी ती होती. धाकटी ती डबी पुढे सरकवायची आणि म्हणायची, "ही माझ्या ताईची. बघा. माझी स्वतःचीसुद्धा वाचली नाही." मग समोरचं माणूस शांत व्हायचं. कुणी तिच्या हातावर हात ठेवायचं. दर सोमवारी ती ती डबी पुसायची. रोज शटर उघडलं की दोन बोटं हनुवटीला लावून खाली आणायची आणि मगच दिवे लावायची. ही ताईची खूण. लहानपणी पडल्याचा वण ताईच्या हनुवटीवर होता.

ताईला जन्मापासून ऐकू येत नव्हतं. तिला शाळेत घातलं आणि चौथ्या महिन्यात काढलं, त्यामुळे लिहिणंही आलं नाही. पण दोन वर्षांनी धाकटी झाली, आणि त्या दोघींनी मिळून आपली एक भाषा केली. ती कुठल्या पुस्तकात नव्हती. आईला तिच्यातलं अर्धं कळायचं, वडिलांना जेवणापुरतं. दार लाव, पाणी तापलं, शेजारीण आली आणि आता तासभर उठायची नाही, ताप आलाय, खोटा ताप आलाय, सगळ्याला खूण होती. ताई आजारी पडली, उठणार नाही हे दोघींना कळलं, तेव्हा ही कल्पना ताईचीच. तू कॅमेरा लाव, मी एकेक खूण करते, तू नंतर समोर अर्थ लिहून काढ. तीन महिने रोज थोडं थोडं करत तीनशे बारा खुणा झाल्या. ताई गेल्यावर अकराव्या दिवशी धाकटी वही घेऊन लिहायला बसली आणि उठताना तिचाच पाय वायरीत अडकला. दुसरी प्रत काढायची राहून गेली होती.

मास्तरांनी तेव्हा डिस्क आत नेली. अर्ध्या तासाने बाहेर आले ते तळहातावर चकती घेऊन. ती त्यांनी उन्हात धरली. तो पट्टा बघून धाकटी रडायला लागली आणि मास्तरांनी तिला पाणी दिलं. तीन आठवड्यांनी त्यांचा फोन आला. दुकानात माणूस हवंय, शिकवीन म्हणाले. आणि शिकवलं, पोटच्या पोरीला शिकवावं तसं, काही हातचं न राखता. पुढे म्हणाले, ती चकती इथे काउंटरवर ठेवू का? लोकांना समजायला बरं पडतं. धाकटीला उलट बरं वाटलं होतं. ताई दुकानात राहील, असंच वाटलं होतं तिला.

तिने डबी उघडली आणि चकती हातात घेतली. कुणाची होती कोण जाणे. एखाद्या गोदामाच्या हिशेबाची, एखाद्या कचेरीतल्या हजेरीची. इतके सोमवार ती कुणाच्या तरी हजेरीपटाला फडकं मारत होती. तिला स्वतःचीच किळस आली आणि मग राग आला, इतका की कानशिलं तापली.

मास्तर दुकानाच्याच वरच्या मजल्यावर राहत. चार वाजता ते चहा घेऊन खाली येत, दोन कप, दोन्ही अर्धे. पूर्ण भरले की जिन्यावर सांडत. त्यांचा हात थरथरायचा. वय झालं, असं सगळे म्हणत.

त्या दिवशीही ते आले. कप ठेवताना त्यांना काउंटरवर उघडी डबी दिसली आणि पेटीतल्या दिव्याखाली उघडी डिस्क दिसली. त्यांनी कप पुन्हा उचलला आणि पुन्हा ठेवला.

"लेबलाला भोक नव्हतं मास्तर," धाकटी म्हणाली.

ते बाकावर बसले. गिऱ्हाइकं बसतात त्या बाकावर.

"ही कुणाची?" तिने चकती पुढे धरली.

"आठवत नाही आता. भंगारातली असेल. त्या वेळी खणात असायची."

"मी रोज हिला नमस्कार करायची."

"दिसायचं मला."

हे त्यांनी अगदी साधेपणाने सांगितलं. धाकटीला कप उचलून भिंतीवर मारावासा वाटला. तिने तो नुसता दूर सरकवला.

"पाऊण तासाचं काम होतं," ती म्हणाली. "तुम्हीच शिकवलंत मला."

"शिकवणं वेगळं." मास्तरांनी उजवा हात डाव्या हाताने धरला. "हा तेव्हाच सुरू झाला होता. तू यायच्या आधी वर्षभर. कुणाला माहीत नव्हतं. दोन पेशंट मी हातानं मारले होते. तुझ्या डिस्कला हात लावला असता तर तीही मारली असती."

"मग तसं सांगायचं. माझ्याच्याने होत नाही म्हणायचं. मी दुसरीकडे गेले असते."

"दुकान बंद पडलं असतं. असली बातमी गावभर व्हायला किती वेळ लागतो?"

"म्हणून कुणाच्यानेच होत नाही म्हणालात."

रस्त्यावरून कुणीतरी सायकल ढकलत गेलं. तिची साखळी करकरत होती, ती लांब जाईपर्यंत दोघं ऐकत राहिली.

"तू इथे उभी राहून बोलत होतीस," मास्तर काउंटरकडे बघत म्हणाले. "रडत होतीस, पण हात बोलत होते तुझे. बहिणीशी बोलायची सवय. मी हातच बघत होतो. डोळ्यांना धार लागलेली आणि बोटांना एवढाही कंप नाही. म्हटलं, हे हात मिळाले तर दुकान वाचेल."

"आणि ताई?"

"तू शिकलीस की सांगणार होतो. तुझी तूच काढशील म्हटलं. डिस्क म्हणून तर फोडली नाही, पाकिटात जपून दिली." ते थांबले. "तू शिकलीस, तेव्हा सांगायची सोय उरली नव्हती. रोज सकाळी तू हिच्यासमोर उभी राहायचीस. कुठल्या तोंडाने सांगणार?"

"अजून किती जणांना दाखवलीत ही?"

"तुझ्यानंतर मी नाही दाखवली कुणाला." मग ते हळू आवाजात म्हणाले, "तूच दाखवायचीस, धाकटे."

हे खरं होतं. सुरुवातीची दोन-तीन वर्षं मास्तर नुसता आवाज ऐकून सांगत, ही गेली, आणि धाकटी डबी पुढे सरकवून लोकांची समजूत घालत असे. माझीसुद्धा वाचली नाही, असं सांगत असे. तिच्या तोंडाकडे बघून लोक विश्वास ठेवत. त्यातल्या किती खरंच गेलेल्या होत्या? एक म्हातारे गृहस्थ जाताना तिलाच धीर देऊन गेले होते. त्यांचा चेहरा आता तिला नको असताना आठवला.

तिने मास्तरांचा हात धरला, चकती त्यांच्या तळहातावर ठेवली आणि बोटं मिटवली.

"तुमची आहे," ती म्हणाली आणि आत जाऊन पेटीसमोर पाठमोरी बसली.

मास्तर जिना चढून गेल्याचं तिने ऐकलं. एकेका पायरीला त्यांना वेळ लागत होता. इतर दिवशी ती उठून आधार देई.

पाचला गुलाबवाली आली. येतानाच हसत आली, हातात कागदात गुंडाळलेलं रोप होतं.

"दाता मिळाला म्हणालात!"

"मिळाला," धाकटी म्हणाली. "पण तो मेलेला नाही, हे आज कळलं. तो माझाच आहे आणि त्यात माझ्या बहिणीचं सगळं आहे. मला वाटत होतं ते गेलं. ते गेलेलं नाही."

गुलाबवालीचं हसू जागीच थांबलं. "म्हणजे माझं?"

"हेडचा संच एकच आहे. तो नऊ वर्षं चिकटून बसलाय. उचलल्यावर किती चालेल सांगता येत नाही. आधी माझं काढणार मी. हेड टिकले तर मग तुमचं, आणि तेव्हा पाऊण नाही, पूर्ण निघेल. नाही टिकले तर तुमचं गेलं, आणि ते माझ्यामुळे गेलं."

गुलाबवालीने रोप काउंटरवर ठेवलं. मोकळी डबी तिने बोटाने फिरवून बघितली.

"यातली ती खरवडलेली चकती पुढे करून तुमचंही असंच झालं म्हणाला असतात," ती म्हणाली, "तर मला काय कळणार होतं?"

"काही कळलं नसतं. मलाही कळलं नव्हतं."

"दुसरीकडे न्यायची सोय आहे?"

"आहे. दोन पत्ते देते. पण दाता त्यांनाही शोधावा लागेल."

गुलाबवालीने पत्ते घेतले, घडी करून मुठीत घट्ट धरले. दारापर्यंत गेली आणि तिथून म्हणाली, "राहू दे तुमच्याकडेच. पण सांगते, मला राग आलाय."

"येऊ दे," धाकटी म्हणाली. "आलाच पाहिजे."

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने दुकान उघडलं नाही, शटर अर्धंच वर केलं. फणी हेडखाली सरकवताना तिने श्वास रोखला होता. एक, दोन, तीन, चार. चौथा सुटताना टिच असा बारीक आवाज झाला, पण चकतीवर ओरखडा नव्हता. झाकण लावून तिने वीज दिली. डिस्क गुरगुरली, फिरली, आणि मग तो आवाज आला जो या धंद्यातलं माणूस झोपेतही ओळखतं, हेड वाचायला लागल्याचा, कुणीतरी लांबवर सुपारी कातरतंय असा. सगळी प्रत निघायला सहा तास लागले. एकही तुकडा कोरा राहिला नाही.

धाकटीने फाईल उघडतात का तेवढं तपासलं. पेशंटच्या फाईल उघडतात का ते बघायचं, आत काय आहे ते बघायचं नाही, हा मास्तरांचाच नियम. मास्तरांचं काही म्हणून पाळायचं नाही असं तिने ठरवलं होतं, पण हात सवयीने थांबला. शिवाय घाई कसली? ताई आता कुठे जात नव्हती. हेड टिकलेत तोवर गुलाबवालीचं करून टाकू, मग निवांत बसू, असं तिने ठरवलं.

गुलाबवालीचं दोन दिवस चाललं. हेडनी शेवटी शेवटी तक्रार केली, पण तोवर सगळं निघालं होतं. मंगळवारी ती आली, आल्या आल्या खुर्ची ओढून यादीत शिरली आणि एका ओळीवर थबकली.

"अगं बाई! म्हणजे हिची आई ती पिवळी!" तिने काउंटरवर थाप मारली. "आणि मी आठवडाभर त्या पांढरीला बोल लावतेय!"

जाताना तिने धाकटीचे दोन्ही हात आपल्या खरखरीत हातांत धरले आणि सोडले. राग गेला की नाही ते तिने सांगितलं नाही. रोप मात्र तिथेच ठेवून गेली.

मग धाकटीने नवी वही काढली. समासात एक ते तीनशे बारा आकडे घातले, पेन्सिलीला टोक केलं आणि पहिली फाईल लावली.

खिडकीजवळच्या खुर्चीत ताई बसली होती. खांद्यावर राखाडी शाल, केस धाकटीनेच विंचरलेले, हनुवटीवर तो वण. धाकटी पहिली पाच मिनिटं नुसतीच बघत बसली आणि तिने डोळे पुसले नाहीत. मग लिहायला लागली. पाणी. आई. पाऊस. दार लाव. भूक नाही. नवव्या खुणेपर्यंत पेन्सिल अडखळली नाही.

दहाव्या वेळी ताईने अंगठा मनगटापासून कोपरापर्यंत ओढत नेला आणि मूठ मिटली. धाकटीने तीच खूण स्वतः करून बघितली. हाताला ती येत होती, आपल्या घरची वाटत होती. पण पुढे काही नव्हतं. तिने तीनदा मागे जाऊन पाहिली आणि जागा सोडून पुढे गेली. अकरावीही आली नाही. बारावीला ती मोठ्याने हसली, खोटा ताप! तेरावी, चौदावी, पंधरावी.

तिला वाटत होतं, सगळ्या खुणा तिला पाठ आहेत. रोज एखादी ती मनाशी करायची. आता ध्यानात आलं की ती पुन्हा पुन्हा त्याच वीस-पंचवीस करत होती. बाकीच्या करायला समोर कुणी नव्हतं. आई गेली, वडील त्याआधीच गेले. विचारायचं तरी कुणाला?

चार वाजता मास्तर खाली आले. शुक्रवारपासून ते आले नव्हते. आज हातात एकच कप होता, अर्धा, आणि तो त्यांनी तिच्या कोपरापासून लांब ठेवला. पडद्यावर ताई बघून ते आणखी एक पाऊल मागे सरले.

"मिळालं सगळं?" त्यांनी विचारलं.

"सगळं मिळालं."

"कोरं काही?"

"एकही तुकडा नाही."

मास्तरांनी श्वास सोडला. इतक्या वर्षांचा धरून ठेवलेला असावा, तसा सोडला. मग त्यांची नजर वहीवर गेली. चाळीस आकड्यांसमोर चौदा शब्द होते. बाकी ओळी रिकाम्या होत्या.

"लिहीत का नाहीस?"

धाकटीने वहीवरची नजर उचलली नाही.

"तुमच्याकडे आले त्या दिवशी येत होतं मला हे," ती म्हणाली. "सगळं येत होतं."

पडद्यावर ताईने एक्केचाळिसावी खूण केली. दोन्ही तळवे एकमेकांवर ठेवले, हळूच फिरवले, उघडले. तिने ती पुन्हा एकदा केली, सावकाश, आणि कॅमेऱ्याच्या जरा वर, धाकटीचा चेहरा असायचा तिथे बघत थांबली. कळलं का, असं विचारताना ती नेहमी अशीच भुवया उंचावून थांबायची.

आणि कॅमेऱ्यामागून धाकटीचा आवाज आला, नऊ वर्षांनी तरुण, थोडा घाईतला, हसरा.

"कळलं गं, कळलं. पुढे."